तार तुटल्यावरचा तक्ता

आमच्या कंपनीत आम्ही चोर पकडतो. म्हणजे कॉम्प्युटरमधले चोर. हे पहिल्यांदा सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "दिवसभर खुर्चीत बसून पकडतेस? मग एखादा घरी घेऊन ये, माळा आवरून घेऊ." त्याला सोळा वर्षं झाली आणि त्यांचं मत तसूभरही बदललेलं नाही. दरम्यान माझ्या पदाच्या आधी 'सीनियर' लागलं. खरं सांगायचं तर ते जरा डोक्यातच गेलं होतं. माझ्या नियमांबद्दल कोणी शंका काढली की मला राग यायचा, आणि राग आला की मी फार गोड बोलते. आमच्या गटातले लोक मी गोड बोलायला लागले की खुर्ची मागे सरकवतात.

ते डोक्यातून कसं उतरलं, त्याची ही गोष्ट.

आमचं काम साधं करून सांगते. कारखाने, दवाखाने, कचेऱ्या, सगळीकडच्या कॉम्प्युटरवर आमचा एक छोटा पहारेकरी प्रोग्राम बसवलेला असतो. संशय कोणावर घ्यायचा हे आम्ही नियम लिहून त्याला सांगतो. नियमात बसणारं काही दिसलं की पहारेकरी त्या कॉम्प्युटरचं नेटवर्क तोडून त्याला एकटं पाडतो. याला आम्ही 'बांधून ठेवणं' म्हणतो. आत चोर असलाच तर तो बाहेरच्या मालकाशी बोलू शकत नाही, आणि मग आम्ही सवडीने जाऊन त्याची मानगूट धरतो.

त्या महिन्यात एक नवा चोर फिरत होता. महा हुशार. नाव बदलायचा, रूप बदलायचा. पण त्याची एक सवय मला सापडली. ठरावीक सेकंदांनी तो मालकाला एक बारीकसा निरोप पाठवायचा. मी आहे, काय हुकूम? रात्रंदिवस, एकाही ठोक्याची चूक नाही. मी त्या ठेक्यावरच नियम लिहिला. कुठल्याच कंपनीची डिजिटल सही नसलेला प्रोग्राम, अगदी नेमक्या ठेक्यात, एकसारखे छोटे निरोप पाठवत असेल तर बांधा त्याला.

आमच्याकडे एक रीत आहे. नियम बाहेर सोडण्याआधी त्याचं 'वाचन' करायचं. गटाबाहेरच्या, या धंद्यातलं काही न कळणाऱ्या माणसासमोर बसायचं, नियम साध्या भाषेत मोठ्याने वाचायचा, आणि त्या माणसाने एकच प्रश्न विचारायचा: "असं आणखी कोण वागतं?" उत्तर शोधून आल्याशिवाय कागदावर सही नाही. रीत चांगली आहे. माझ्याच आग्रहाने सुरू झालेली आहे, हे सांगायला मला आता लाज वाटते.

त्या सोमवारी रिसेप्शनवरची मुलगी माझ्यासमोर बसली. मी वाचलं. तिने प्रश्न विचारला. वर म्हणाली, "म्हणजे मॅडम, एखादं सरळमार्गी यंत्रसुद्धा दर थोड्या वेळाने कोणालातरी काहीतरी विचारत असेल ना?"

"इतक्या शिस्तीत फक्त चोर वागतो," मी गोड आवाजात म्हटलं. "सरळ माणसं पाच मिनिटं उशिरा येतात."

ती हसली. मी सही केली. शोधायला कुठेही गेले नाही.

मंगळवारी सकाळी दहा वाजता नियम बाहेर गेला. वीस मिनिटांत एकेचाळीस ठिकाणी कॉम्प्युटर बांधले गेले. एकेक तपासून होत गेला, खरा चोर, खरा चोर, खरा चोर. गटात टाळ्या पडल्या. आमचा मुख्य, ज्याला आम्ही कप्तान म्हणतो, तो माझ्या टेबलाशी येऊन दोन्ही हात जोडून गेला. मी विनयाने मान खाली घातली. आत मात्र मोर नाचत होता.

तेवढ्यात मदतीच्या नंबरवर फोन आला आणि तो माझ्याकडे दिला गेला. पलीकडे एक शांत, जाडसर आवाज.

"मी पाणीपुरवठ्याच्या जलशुद्धीकरण केंद्रातून बोलतोय. ऑपरेटर. तुमच्या पहारेकऱ्याने माझ्या पंपाच्या डोळ्यांवर पट्टी बांधलीय."

"कुठला पंप?"

"क्लोरीनचा. पूर्व भागाला पाणी जातं त्यात औषध सोडतो तो. पाणी किती चाललंय आणि त्यात औषध किती उरलंय, हे सांगणारे मीटर दीड किलोमीटर पुढे आहेत. आमचा प्रोग्राम त्यांना दर अकरा सेकंदांनी विचारतो आणि तसा पंप कमीजास्त करतो. दहा वीसला विचारायचं बंद झालं."

दर अकरा सेकंदांनी. नेमक्या ठेक्यात. माझ्या तोंडचं पाणी पळालं. चाळीस चोर पकडले होते आणि एकेचाळिसावा संन्यासी सुळावर चढवला होता.

औषध कमी पडलं तर पाण्यात जंतू राहणार. जास्त पडलं तर लोकांचे घसे जळणार. पूर्व भागात नव्वद हजार माणसं राहतात. त्यात माझी थोरली बहीण, तिची मुलगी आणि त्या मुलीचं चार महिन्यांचं बाळ.

"पाच मिनिटं द्या, इथूनच सोडवते," मी म्हटलं.

नाही सुटला. कॉम्प्युटर बांधताना आम्ही स्वतःसाठी एक बारीक वाट उघडी ठेवतो, तिथूनच तो परत सोडवता येतो. पण पंपाचा जुना कॉम्प्युटर बाहेर थेट बोलतच नसे. शेजारच्या दुसऱ्या कॉम्प्युटरमार्फत बोले. तो दुसरा बिचारा पहिल्याचेच निरोप पुढे पोचवत होता, म्हणजे त्याच ठेक्यात चालत होता, म्हणजे माझ्या नियमाने तोही बांधला होता. किल्ली आत ठेवून मी दार ओढून घेतलं होतं. आता कोणीतरी तिथे जाऊन, त्या कॉम्प्युटरसमोर बसून, हाताने कुलूप काढायला हवं होतं.

"मी जाते," मी कप्तानाला म्हटलं.

"जा. पण तपासल्याशिवाय सोडू नकोस," तो म्हणाला. "चाळीस खरे निघालेत. एकेचाळिसाव्यातही चोर लपला असला आणि तू घाईने दार उघडलंस, तर पंप त्याच्या हातात जाईल."

बरोबर होतं त्याचं. म्हणून जास्तच राग आला.

गाडी सिग्नलला थांबली तेव्हा मी ताईला फोन लावला. अशा वेळी आपल्या माणसांना आधी सांगायचं नाही, असा आमच्या कामाचा दंडक आहे. तो मी इतरांना शिकवते.

"ताई, आज पाणी उकळून प्या. बाळाला तर नक्कीच."

"का गं? काय झालं?"

"ऐक ना माझं."

"बरं. मग खालच्या मजल्यावर सांगू का? त्यांच्याकडे आजारी म्हातारे आहेत."

खालच्या मजल्यावर सांगायचं तर समोरच्या इमारतीत का नाही? सिग्नल सुटला, मागचा माणूस हॉर्न वाजवायला लागला.

"सगळ्यांना सांग," मी म्हटलं. "माझं नाव घेऊन सांग."

"तुझं नाव घेऊन कोण ऐकणार आहे?" ताई म्हणाली. "मी आपलं माझंच घेते."

पाऊण तासात मी पोचले. लांबट, बुटकी इमारत, आत ओल्या सिमेंटचा आणि क्लोरीनचा वास, कुठूनतरी सतत पाणी पडल्याचा आवाज. पंपाच्या खोलीत एक घंटा वाजत होती. शाळेत असते तसली विजेची घंटा, दर मिनिटाला एकदा, टण्. ऑपरेटर, पन्नाशी उलटलेला जाडजूड माणूस, खिडकीपाशी उभा राहून काचेच्या नळीत थेंब टाकत होता. मी आल्याचं बघूनही त्याने थेंब मोजणं थांबवलं नाही. नळीतलं पाणी फिकट गुलाबी झालं. ते त्याने एका रंगपट्टीशी लावून बघितलं आणि वहीत लिहिलं.

"किती?" मी विचारलं.

"जितकं हवं तितकं," तो म्हणाला. "साडेदहापासून दर अर्ध्या तासाने बघतोय. एक कण इकडेतिकडे नाही."

मला कळेना. पंपाला दिसत नव्हतं. पाणी किती चाललंय हे माहीत नसताना औषध बरोबर पडत होतं?

"कसं काय?"

"बाईंचा तक्ता," त्याने कॉम्प्युटरकडे हनुवटीने दाखवलं. "तार तुटली की प्रोग्राम तक्त्यावर जातो आणि घंटा वाजवतो. घंटा वाजली की मी हाताने मोजायचं आणि बाईंना फोन करायचा. इथे लागल्यापासून पाठ आहे मला. खऱ्या कामाला वाजताना मात्र आज पहिल्यांदा ऐकली."

"बाई कोण?"

"आमच्या केमिस्ट बाई. रिटायर होऊन चौदा वर्षं झाली. हा प्रोग्राम त्यांनीच लिहिलाय, एकोणतीस वर्षांपूर्वी. फोन केला होता, त्यांच्या भावजयीने उचलला. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्यात म्हणाली, आल्या की पाठवते."

मी आधी शेजारचा कॉम्प्युटर तपासून सोडवला, मग पंपाच्या कॉम्प्युटरसमोर बसले. तपासणीचा प्रोग्राम लावला. डिस्क इतकी जुनी आणि संथ की सगळी वाचून व्हायला साडेचार वाजणार होते. तोवर हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा, म्हटलं, बाईंचा प्रोग्राम वाचू. मनात म्हटलं, एका केमिस्टने एकोणतीस वर्षांपूर्वी लिहिलेलं काय असणार आहे. पुढचे चार तास मी त्या खुर्चीतून फक्त दोनदा उठले.

आधी मला ते कलम सापडलं जे दहा वीसला जागं झालं होतं. त्याच्या डोक्यावर बाईंनी एक टीप लिहून ठेवली होती, प्रोग्रामला न कळणारी, फक्त वाचणाऱ्या माणसासाठी:

'इथवर आलात म्हणजे तार तुटली आहे. उंदराने तोडली असेल किंवा माणसाने. माणसाने तोडली असेल तर बहुतेक तो आपल्या भल्यासाठीच तोडायला आला असेल. आधी पाणी मोजा. भांडण नंतर.'

मी ते तीनदा वाचलं. मी कॉलेजात होते, कॉम्प्युटर चालू कुठून करायचा हे शिकत होते, तेव्हा ही बाई माझा विचार करत होती. चोराचा नव्हे. चोर कोणीही कल्पनेत आणतो, त्याचाच आम्हाला पगार मिळतो. तिने शहाणपणा करायला आलेल्या पहारेकऱ्याची सोय करून ठेवली होती. आणि अतिशहाण्याच्या बैलाने आज बरोबर तिथेच शिंग मारलं होतं.

मग तक्ता उघडला. सात ओळी, प्रत्येक ओळीत चोवीस आकडे. आठवड्यातल्या प्रत्येक तासाला पूर्व भाग किती पाणी ओढतो, त्याचा अंदाज. एकशे अडुसष्ट आकडे, बस्स. पण मी वाचायला लागले आणि डोळ्यांपुढे माणसं उठायला लागली. पाच वाजता आकडा हलतो, सहाला उसळतो, सातला शिगेला पोचतो. दहाला ओसरतो. रविवारी हेच सगळं दोन तास उशिरा. मी मोठ्यानेच हसले.

"गुरुवारी अकराला एवढी उडी का?" मी विचारलं.

"इस्पितळात चादरी धुतात," नळी विसळत ऑपरेटर म्हणाला.

"शनिवारी चारला?"

"मैदानावर पाणी मारतात. सामना असतो रविवारी."

"आणि हे? रोज रात्री तीनला आकडा दोनने जास्त आहे. दोनला नाही, चारला नाही. तीनलाच."

त्याने नळी खाली ठेवली. "ते मीही विचारलं होतं बाईंना. म्हणाल्या, तान्ह्या पोरांच्या आया."

पूर्व भागात एका तिसऱ्या मजल्यावर माझी भाची रात्री तीनला उठून, न्हाणीघरातला दिवा लावून, बाळाचे लंगोट धूत असेल, आणि ते या तक्त्यात होतं. कोणीतरी ते मोजलं होतं आणि तिच्या वाट्याचं औषध पाण्यात घातलं होतं. मी आजवर पुष्कळ हुशार प्रोग्राम वाचलेत. एखाद्या प्रोग्रामपुढे डोळे भरून यायची ती पहिली वेळ.

मग माझ्यातला इंजिनियर जागा झाला. एकोणतीस वर्षांत पूर्व भाग दुप्पट झाला असेल. हा तक्ता त्या वेळचा असेल तर आकडे कधीच शिळे झाले, आणि नळीतला गुलाबी रंग निव्वळ नशिबाचा.

"तक्ता कधीचा आहे?"

"एकोणीस दिवसांपूर्वीचा."

"काय?"

त्याने कपाटातून वह्या काढल्या. एकोणतीस वह्या. दर वर्षी बाई सात दिवस इथे येऊन बसत. डबा आणत, मीटरचे आकडे दर तासाला हाताने उतरवत, मागच्या वर्षीच्या आकड्यांशी ताडून बघत आणि तक्ता दुरुस्त करत. रिटायर झाल्यावरही. चौदा वर्षं, कोणी न बोलावता. यंदाच्या वहीत अक्षर मोठं आणि वाकडं झालं होतं, ओळीवरून घसरत होतं.

"अहो, पण हे तर प्रोग्राम स्वतःच करू शकला असता!" मला राहवलं नाही. "मीटर रोज वाचतोच आहे, आपला आपण शिकून तक्ता बदलला असता."

"मला काय विचारता," तो म्हणाला. "तिथेच बघा. लिहिलं असेल."

होतं लिहिलेलं. तक्त्याच्या लगेच वर.

'हा तक्ता यंत्राला स्वतः बदलू देऊ नये. जो आपोआप शिकतो त्याला कोणीही काहीही शिकवतं. रोज थोडं थोडं खोटं सांगितलं तर वर्षभरात तो विष घालायलाही शिकेल, आणि कोणाला कळणार नाही.'

याच गोष्टीवर आमच्याकडे परिषदा भरतात. शिकणाऱ्या यंत्राला थोडं थोडं खोटं पाजून बिघडवायचं, हा हल्ला आमच्या दुनियेत अलीकडचा समजला जातो. त्यावर मी स्वतः एक भाषण दिलंय, चाळीस मिनिटांचं, चित्रांसकट. बाईंनी ते तीन ओळींत सांगून, तारीख घालून, पुढच्या कामाला सुरुवात केली होती.

"मग तक्ता बदलतात कसा?"

ऑपरेटरने माझा हात धरून टेबलाखाली नेला. फळीच्या खालच्या अंगाला एक बोटाएवढं बटण लागलं, दाबल्यावर परत वर येणारं. ते एका हाताने दाबून धरल्याशिवाय तक्त्यात एक आकडा लिहिता येत नव्हता. नेटवर्कमधून जगातला कितीही मोठा चोर आला तरी हे बटण दाबायला तो बोट कुठून आणणार? आमच्या दहा जणांच्या गटाने दोन वर्षं खपून जे उभं केलंय आणि तरी ज्यात दर महिन्याला भोक सापडतं, ते इथे टेबलाखाली, दोन स्क्रूंवर, गप्प बसलं होतं. मी खरंच खाली वाकून, गुडघ्यांवर बसून, ते बटण बघितलं.

"हे कधी वापरून बघितलं होतं का? तक्त्यावर पंप चालवून?"

"बादलीत," तो म्हणाला. "दर वर्षी पंपाचं तोंड बादलीत सोडून तालीम. खऱ्या पाण्यावर कधीच नाही. मोठे साहेब एकदा म्हणाले होते, दहा मिनिटं तार काढून बघू या. बाईंनी त्यांना खोलीतून बाहेर काढलं. म्हणाल्या, लोकांच्या पाण्यावर तालीम नाही करायची. चालेल तेव्हा चालेल."

म्हणजे एकोणतीस वर्षं बाई अशा गोष्टीची निगा राखत होत्या जी त्यांनी खऱ्या पाण्यावर कधी चालताना बघितली नव्हती, आणि बघायला मिळू नये अशीच त्यांची इच्छा होती. आणि ती आज दहा वीसला उठून, न अडखळता, नव्वद हजार माणसांचं पाणी सांभाळत होती. दुपारी बाराची नळी, एकची, दोनची, तीनची, चारची. प्रत्येक वेळी तोच गुलाबी. मला त्या खोलीत मोठ्याने बोलावंसं वाटेना.

चार पस्तीसला तपासणी संपली. कॉम्प्युटर स्वच्छ होता, चोराचा मागमूस नव्हता. मी कप्तानाला कळवलं. आता सोडवण्याचा बारा अक्षरी कोड टाकला की तार जोडली जाणार होती. बोटं कीबोर्डवर ठेवली, आणि तेव्हाच ऑपरेटरचा फोन वाजला.

"बाई दुसऱ्या बसमध्ये बसल्यात," तो म्हणाला. "वीस मिनिटांत येतात."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे. मी बोटं उचलली.

आपण काय करतोय हे मला कळत होतं. पण नळी गुलाबी होती, घंटा शांतपणे वाजत होती, आणि ज्या बाईने हे सगळं रचलं तिला ते एकदा, डोळ्यांनी, चालताना बघायला मिळावं असं मला इतकं वाटलं की दुसरं काही सुचेना. शिवाय पाच वाजत आले होते. संध्याकाळी पाचला शाळा सुटलेल्या असतात, पाळ्या बदलतात, सगळे एकदम घरी येतात. तक्त्यातली सगळ्यात अवघड उडी. वह्यांमध्ये तो आकडा दर वर्षी खोडून पुन्हा लिहिलेला होता. म्हटलं, तो त्यांच्यासमोर येऊ दे.

चार पंचावन्नला बाई आल्या. लहानखुऱ्या, ताठ, काळा चष्मा, एका हातात छत्री, दुसरा हात भिंतीला. दारातच थांबून त्यांनी घंटा ऐकली. एक ठोका झाला. ओठ मिटलेले होते.

"नळी?" त्यांनी विचारलं.

"बरोबर आहे बाई, सकाळपासून," ऑपरेटर म्हणाला.

"पट्टी बांधणारी ती कुठंय?"

"मी," मी उभी राहिले. "नियम माझाच होता. विचारलेला प्रश्न मी हसण्यावारी नेला. चूक माझी आहे."

"बरं. यंत्र तपासलंस?"

"हो. स्वच्छ आहे."

"कधी झालं?"

"चार पस्तीसला."

"आत्ता किती वाजले?"

मी घड्याळाकडे बघितलं, आणि माझे कान तापले. "चार पंचावन्न."

"वीस मिनिटं काय करत होतीस?"

"तुमची वाट बघत होते," मी म्हटलं. बोलायला लागले आणि थांबता येईना. "बाई, मी सकाळपासून तुमचा प्रोग्राम वाचतेय. वीस वर्षं या धंद्यात आहे, असं काही बघितलं नाही. एकोणतीस वर्षांत तो आज पहिल्यांदा चाललाय. तुम्ही बघायला हवं होतं. पाचचा आकडा येतोय, पाचच मिनिटं..."

बाईंनी चेहरा स्क्रीनकडे वळवला. हात पुढे करून स्क्रीनची कड चाचपली आणि तळवा तिथेच ठेवला. मला वाटलं, हो म्हणतील. ऑपरेटरने तर खुर्ची पुढे ओढलीसुद्धा.

"पाणी कोण पितंय आत्ता?" त्या म्हणाल्या.

मी कीबोर्डकडे वळले.

"नव्वद हजार माणसं. त्यांना माहितेय का, की आपल्याला आंधळ्या पंपाचं पाणी पाजतायत, कारण एका म्हातारीला कौतुक बघायचंय?" त्यांचा आवाज चढला नाही. "सकाळी केलीस ती चूक. चुकीसाठी तक्ता आहे. आत्ता करतेयस ती हौस. हौसेसाठी माझ्याकडे काही नाही. जोड."

मी कोड टाकला. आठवं अक्षर चुकलं, पुन्हा टाकला. स्क्रीनवर मीटरचे आकडे आले. अकरा सेकंदांनी पुन्हा आले. घंटा थांबली. प्रोग्रामने पंप एकदम नव्हे, हळूहळू, पाच टप्प्यांत मीटरच्या हाती दिला आणि तक्ता बंद केला. तेही बाईंनी लिहून ठेवलेलं होतं.

"बाई, बघा तरी," ऑपरेटर स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला. "तक्ता सोडताना पंप जिथे होता आणि मीटरने आणला तिथे, केसाएवढाही फरक नाही. बघा ना."

"दिसत नाही रे," बाई म्हणाल्या. "डॉक्टरांनी औषध घातलंय डोळ्यांत. सगळं पांढरं आहे. उद्यापर्यंत असंच राहील म्हणाले." त्या खुर्चीत बसल्या. छत्री मांडीवर घेतली. मग दुसऱ्याच कोणाचं काम सांगावं तसं, म्हणाल्या, "बाहेरच्या नळाचं पेलाभर पाणी आण."

ऑपरेटर धावत गेला. एवढा जाडजूड माणूस धावताना मी पहिल्यांदाच बघत होते. तो पेला घेऊन आला तेव्हा त्याला धाप लागली होती.

"अजून तक्त्याचंच आहे, बाई," तो म्हणाला. "पाइपात दहा मिनिटांचं पाणी असतं. हे तुमचंच आहे."

बाईंनी पेला दोन्ही हातांत धरला. आधी वास घेतला. मग एक घोट घेतला, जिभेवर ठेवला, गिळला. दुसरा घोट. तिसरा. काळ्या चष्म्याखालून पाणी येत होतं. ते डॉक्टरच्या औषधाचं होतं की नाही, मी विचारलं नाही. अर्धा पेला झाल्यावर त्या थांबल्या, आणि माझा आवाज जिथून आला होता त्या दिशेने पेला पुढे केला.

"घे," त्या म्हणाल्या. "तुझ्यामुळे चाखायला मिळालं."

मी उभ्या उभ्या प्यायले. साधं, नळाचं पाणी होतं.